कौटुंबिक इतिहास : काही नाही

मी शिक्षिका आहे, त्यामुळे सवयीने आधी विषय सांगते. जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अठ्ठावीस वर्षं मानसशास्त्र शिकवते आहे. मनोविकार, त्यांची लक्षणं आणि त्यांची कारणं हे माझं सगळ्यात आवडतं प्रकरण. गेल्या वर्षी त्याच प्रकरणातला एक आजार मला झाला, आणि ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही तेही वागले नसते असं मी वागले. मी दवाखान्यात खोटं बोलले. ते खोटं माझ्या सख्ख्या भावाबद्दल होतं. तुमच्या घरात कुणाचा केसपेपर निघणार असेल तर हे वाचून मग जा, एवढ्यासाठी लिहिते आहे. माझी कीव करू नका, तशी वेळ वाचताना फारशी येणारही नाही.

धुळ्याची बस

सुरुवात पावसाळ्याच्या शेवटी झाली. अंगात ओल्या कपाशीचं गाठोडं भरल्यासारखं जड वाटायचं. वर्गात फळ्यासमोर उभी राहायची आणि पुढचा शब्दच यायचा नाही. घरी मेथीची जुडी निवडायला घेतली की दोन तासांनी ती तशीच मांडीवर. जेवण म्हणजे शिक्षा. आणि दिवसभर दोष, दोष, दोष. सात वर्षांपूर्वी एका मुलीला तोंडी परीक्षेत दोन गुण कमी दिले होते, तिचं वाटोळं मी केलं. कुंडीतली तुळस वाळली, ती माझ्यामुळे. शेजारच्या काकू जिन्यात घसरल्या, तेव्हा मी पुण्याला होते, तरी त्याही माझ्यामुळेच. लक्षणं मला तोंडपाठ होती, दरवर्षी मी ती फळ्यावर लिहीत आले होते. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने शांत. ते म्हणाले, डॉक्टरकडे जाऊ. जळगावात चांगले डॉक्टर आहेत, पण आमच्या सायलीचा साखरपुडा झालेला होता. मुलगा पुण्यात नोकरीला, घर पहूरचं, माणसं तालेवार. जळगावात मला कुणी मनोविकाराच्या दवाखान्याच्या पायरीवर पाहिलं असतं तर बातमी माझ्याआधी पहूरला पोचली असती. म्हणून आम्ही धुळं गाठलं. तिथे बाकावर आमच्याच कॉलेजातले भूगोलाचे सर बायकोला घेऊन बसलेले. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि दोघांनी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. पुढे तिथल्या मावशींनी सांगितलं की धुळ्याची माणसं याच कामासाठी जळगावला जातात. म्हणजे रोज बस दोन्हीकडून भरून येते म्हणायची.

जळगावहून धुळ्याला जाताना वाटेत पारोळा लागतो. बस स्टँडवर थोडा वेळ थांबते. माझा थोरला भाऊ, नाना, त्या स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर राहतो. त्या दिवशी बस पारोळ्यात शिरली तशी मी तोंडावर पदर घेतला आणि झोपेचं सोंग घेतलं. यांनी विचारलं, नानांना भेटून जायचं का? मी ऐकू न आल्यासारखं केलं.

केसपेपर

डॉक्टरांकडे जाण्याआधी माहिती घ्यायला एक मुलगी बसली होती. तिने मान वर केली आणि उभीच राहिली. "मॅडम, तुम्ही?" ती प्रज्ञा. माझी बारा-तेरा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारून जीव नकोसा करणारी. माझ्यामुळे या विषयाकडे वळले असं ती कुणालाही सांगायची, आणि आता तिथे मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करत होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने मात्र मला पाणी दिलं, पंखा वाढवला, आणि अगदी मी शिकवला होता त्या क्रमाने एकेक प्रश्न विचारत गेली.

मग तो प्रश्न आला. घरात, माहेरी, सासरी, कुणाला मानसिक आजार? कधी होता? आत्ता आहे?

शेजारी हे बसले होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "काही नाही." यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणाले, आमच्याकडे असलं कुणालाही काही नाही. प्रज्ञाने कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात तसं लिहिलं. ती लिहीत असताना मी पेनाकडे बघत होते, आणि वर तिला म्हणाले, "छान घेतेस गं हिस्टरी." इतकी निर्लज्ज मी आजारी असतानाही होते.

डॉक्टरांनी उदासीनतेची गोळी दिली, महिन्याने बोलावलं. त्या वेळी त्यांच्यासमोर जे होतं त्यावर त्यांनी बरोबरच औषध दिलं. चूक होती ती त्यांच्यासमोर जे मी ठेवलं नाही त्यात.

नाना

आता नानाचं सांगते. नाना माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पारोळ्यात त्याचं विहिरीवरच्या मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. हात असा की शेतकरी एरंडोलहून मोटारी घेऊन यायचे. सत्तावीस वर्षांचा असताना एका हिवाळ्यात तो एकदम फुलला. झोप नाही, भूक नाही, बोलणं थांबेना. तालुक्यातल्या सगळ्या मोटारी फुकट भरून देतो म्हणाला आणि लोकांच्या चौदा मोटारी एका दमात उघडून अंगणात मांडल्या. नवव्या दिवशी तो आडवा झाला आणि दोन महिने उठलाच नाही. गहू पाण्यावर आलेला, मोटारी अंगणात सुट्या, आणि दारात शिव्या देणारी माणसं. कमलवहिनी नवी नवरी होती. तिने एकेकाच्या हातापाया पडून त्यांच्या मोटारी पोत्यात भरून परत दिल्या.

मी तेव्हा एम.ए. करत होते. वाचनालयात पुस्तक उघडलं आणि पानावर माझा भाऊ छापलेला. कधी उन्माद, कधी उदासीनता, एकेक लक्षण तेच. मी धावत घरी गेले, आईला सांगितलं की हा आजार आहे, याला औषध आहे. आई म्हणाली, "उज्जू, तुनं लगीन व्हवानं शे आजून." तुझं लग्न व्हायचंय अजून, एवढंच.

पण नुसतं गप्प राहून भागत नव्हतं, लोक विचारत होते. तेव्हा तोड मी काढली, आईने नाही. मी म्हटलं, सांगायचं की मोटार उघडताना करंट लागला, तो डोक्यात गेला. करंट लागलेल्या माणसाच्या बहिणीशी लग्न करायला कुणाची हरकत नसते, करंट काही रक्तातून येत नाही. मनोविकारांची कारणं हा माझा अभ्यासाचा विषय आणि मी स्वतःच्या हाताने एक खोटं कारण बनवलं. महिनाभरात ते अख्ख्या भावकीत पक्कं झालं. माझं लग्न झालं. नाना मात्र दर दोन-तीन वर्षांनी फुलत राहिला आणि पडत राहिला, विनाऔषधाचा. मोटारीला त्याने पुन्हा हात लावला नाही. वहिनीने पुढे पिठाची गिरणी टाकली. गिरणीला मोटार असते, म्हणून नाना तिच्या उंबऱ्यातही पाय ठेवायचा नाही, रस्त्यापलीकडे बसून राहायचा. ज्वारी-बाजरीची पोती वहिनीने एकटीने उचलली, जवळजवळ तीस वर्षं.

आई जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा तिच्यावर ढकलायची सोय नाही. सायलीचं जमताना पहूरकरांनी विचारलं, पारोळ्याचे मामा कसे आहेत, तेव्हाही मी झटकन म्हणाले, करंट लागल्यापासून जरा गप्प असतात.

आणि याहून वाईट एक आहे. दरवर्षी वर्गात हे प्रकरण आलं की मी नानाची गोष्ट सांगायचे. नाव न घेता, 'एक गृहस्थ होते' म्हणून. चौदा मोटारी, अंगण, शिव्या देणारे लोक. हातवारे करून सांगायचे, मुलं पोट धरून हसायची, आणि लक्षणं त्यांना जन्मभर पाठ व्हायची. मुलं उत्तरपत्रिकेतही मोटारवाल्या गृहस्थांचं उदाहरण लिहायची आणि मी त्यांना गुण द्यायचे. अठ्ठावीस तुकड्यांना माझ्या भावाचा आजार माहीत होता, फक्त माझ्या भावाला माहीत नव्हता.

पहूर

गोळी सुरू झाली आणि तीन आठवड्यांत मी उठून बसले. सगळे खूश. मग मी उभी राहिले आणि मग थांबेनाच. झोपेची गरज संपली. घरातले सगळे डबे घासले, पडदे शिवले, जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून लग्नाचं आमंत्रण दिलं, तारीख ठरलेली नसताना. मला वाटत होतं की अठ्ठावीस वर्षांत मला आत्ता कुठे हा विषय समजलाय. यांनी दवाखान्यात फोन करतो म्हटलं तर मी त्यांचा मोबाईल पिठाच्या डब्यात लपवला.

एका दुपारी कुणाला न सांगता मी पहूरची बस धरली आणि सायलीच्या होणाऱ्या सासरी जाऊन उभी राहिले. त्यांनी आदराने बसवलं, चहा ठेवला. मी तीन तास बोलले. त्यांच्या घरातल्या प्रत्येकाचं मी निदान केलं हो. सासऱ्यांना म्हटलं तुम्ही संशयी आहात, याला नाव आहे. चुलतसासऱ्यांना कुलूप दोनदा ओढून बघताना पाहिलं, त्यांनाही एक नाव दिलं. विहीणबाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, ताई, तुम्ही जरा पडा. तर मी म्हटलं, हे रडणं म्हणजे लक्ष वेधून घेणं. पर्समध्ये खडू होता. बैठकीच्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर मी आकृती काढून दाखवली. मला हे सगळं आठवतं, हीच तर पंचाईत आहे. त्या आजारात माणूस शुद्धीवर असतो.

चौथ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. सोयरीक मोडली. तोवर यांनी मला धुळ्याला वॉर्डात दाखल केलेलं होतं.

वॉर्ड

एकोणीस दिवस राहिले. सकाळी चहा, गोळ्या, आणि सिस्टरपुढे 'आ' करून दाखवणं, गिळली की गालात ठेवली. साठ वर्षांच्या आज्जीपासून कॉलेजच्या पोरीपर्यंत सगळ्या ओळीत 'आ' करून उभ्या. पहिले काही दिवस मी सिस्टरलाच शिकवत होते. मग नव्या औषधाने आवाज खाली आला, आणि खाली आल्यावर काय काय केलं ते एकेक समोर येऊन बसायला लागलं.

चांगल्या गोष्टीही होत्या, त्या सांगायला हव्यात. वॉर्डातल्या मावशी रोज दुपारी सगळ्यांच्या डोक्याला तेल लावायच्या, काही न विचारता. शेजारच्या खाटेवर साक्रीकडची एक बाई होती, ती दिवसभर एक शब्द बोलायची नाही, पण जेवणात तिला मिळालेली केळी माझ्या ताटात ठेवायची. हे रोज जळगावहून यायचे, तास-दोन तास बसायचे, पेपर वाचून दाखवायचे. पहूरचा विषय त्यांनी काढला नाही. सायली पुण्याहून आली, दाराशी उभी राहून बोलली, आणि गेली. ते तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

बाराव्या दिवशी प्रज्ञा स्टूल ओढून खाटेजवळ बसली. हातात माझा केसपेपर. म्हणाली, "मॅडम, ते मोटारवाले गृहस्थ तुमचे कोण?"

मी म्हटलं, पुस्तकातली केस आहे गं. ती म्हणाली की पुस्तकं तिने सगळी पाहिली, त्यात नाही. आणि एकदा वर्गात बोलण्याच्या भरात मी पारोळ्याच्या बाजाराचं नाव घेतलं होतं, ते तिने वहीत लिहून ठेवलं होतं. पहिल्या बाकावरची मुलं ही अशी. मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझा सख्खा भाऊ."

तिने मला बोल लावला नाही. मी शिकवलं होतं तसं, चेहऱ्यावर काही न दाखवता तिने केसपेपर उघडला आणि पुढचे प्रश्न विचारले. पहिला झटका कोणत्या वयात? किती दिवस झोप नव्हती? पुढे किती वेळा? मला सगळं वयासकट, महिन्यासकट पाठ. ती लिहीत गेली. पहिल्या दिवशी हे कळलं असतं तर ती गोळी एकटी दिली नसती, निदान फार जपून दिली असती, कारण या आजारात ती माणसाला उदासीतून थेट उन्मादात ढकलू शकते, असं नंतर डॉक्टरांनी सौम्यपणे सांगितलं. ते मला माहीतच होतं, मी ते शिकवते. पण प्रज्ञाचा शेवटचा प्रश्न मी अपेक्षिलेला नव्हता. तिने विचारलं, "त्यांना आता कोणतं औषध चालू आहे?"

मी म्हटलं, कोणतंच नाही.

"कधीच नाही?"

मी मान हलवली. तिचं पेन तिथेच थांबलं. माझीच विद्यार्थिनी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर तिने लगेच खाली केली, हा तिचा चांगुलपणा. त्या दिवशी मला एक कळलं आणि ते कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. आजारात मी शंभर गोष्टींचा दोष स्वतःवर घेतला होता, वाळलेल्या तुळशीचासुद्धा. त्या शंभरांत नाना एकदाही आला नव्हता.

अंगण

दवाखान्यातून सुटल्यावर यांना म्हटलं, पारोळ्याला उतरायचं. वहिनी गिरणीत होती. नाना अंगणात खाटेवर, पडायच्या दिवसांतला, दाढी वाढलेली, भिंतीकडे डोळे. मी जमिनीवर बसले. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. मी सांगितलं की नाना, मी एकोणीस दिवस दवाखान्यात होते, डोक्याच्या. तुला जे होतं तेच मला झालंय.

तो हळूहळू उठून बसला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "तुले बी? मनापाईन लागनं का व तुले?"

माझ्यापासून तुला लागलं का, असं विचारत होता तो. माझी माफी मागायच्या बेतात होता. मी त्याचे पाय धरले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हा आजार आहे, याला गोळी आहे, मला तीस वर्षांपासून माहीत होतं. आणि करंटचंही सांगितलं. "नाना, करंट लागनाच नव्हता तुले. ते मी सांगं व्हतं लोकेसले."

तो बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला, उलटसुलट करून. "माले याद नव्हतं," तो म्हणाला. "मी म्हनं, डोकंच गयं, ते याद कसं राही."

तीस वर्षं तो माणूस आपल्याच निष्काळजीपणाने आपलं डोकं गेलं असं समजून बसला होता, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्याने आपलं काम सोडलं होतं. मी ओक्साबोक्शी रडले. त्याने मला गप्प केलं. वहिनी पिठाने पांढरी झालेली दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही नानाला धुळ्याला नेलं. प्रज्ञानेच त्याचा केसपेपर केला. या वेळी मी बाहेर बाकावर बसले, त्याची गोष्ट त्यालाच सांगू दिली.

सायलीला मी सगळं सांगितलं, अगदी करंटसकट. ती म्हणाली की लग्न मोडल्याचं तिला वाटतं, पण त्यापेक्षा मामाच्या घरी सुट्टीत आम्ही मुलं त्यांना हसायचो ते जास्त लागतं, आणि तू आम्हाला हसू दिलंस. आता आठवड्यातून एकदा तिचा फोन येतो. गोळी घेतलीस का विचारते, नानामामाचं विचारते. मी कसं वाटतंय ते सांगायला लागले की तिला काम आठवतं. तेवढं चालायचंच. विहीणबाईंना मी पत्र लिहिलं, उत्तर आलेलं नाही. या वर्षी तेच प्रकरण आलं तेव्हा वर्गात मी गृहस्थांची गोष्ट सांगितली नाही. माझी सांगितली. कुणी हसलं नाही.

गिरणी

नानाची गोळी सुरू होऊन चार महिने झाले. परवा पारोळ्याला गेले होते. नाना गिरणीत होता, आत. गिरणीची मोटार जळाली होती, ती त्याने स्वतः उघडून भरली होती आणि पट्टा ताणून बघत होता. अंगावर मांस आलंय, दाढी केलेली. गिऱ्हाईकाशी बाजरी जाड दळायची की बारीक यावर हुज्जत घालत होता. मला बघून म्हणाला, चहा पिऊन जा, आणि पुन्हा कामाला लागला. त्याच्या मनात माझ्याबद्दल काही नाही, हे मला बघवत नाही.

वहिनी माझ्याशी त्या दिवसापासून बोललेली नव्हती. ती चहा घेऊन आली. कप माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. पोती उचलून तिचा एक खांदा खाली आलाय, उभी राहिली की दिसतं. तिने गिरणीकडे बघितलं, नानाकडे बघितलं, आणि आवाज न चढवता मला विचारलं.

"ताई, चार महिनानं काम व्हतं का हाई?"

मी 'हो' म्हणाले.